बंद करण्याचा अधिकार

डेपोमास्तरांचं म्हणणं अगदी साधं होतं. चालू करण्याचा अधिकार वेगळा आणि बंद करण्याचा अधिकार वेगळा. चालू करायला लायसन लागतं, बंद करायला फक्त अक्कल लागते. आणि अक्कल मोजायचं यंत्र अजून निघालेलं नसल्यामुळे ती सगळ्यांकडे थोडीफार असेल असं धरून चालावं लागतं.

हे तत्त्व त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. सगळी नोकरी बस डेपोत गेली, तिथे ते अंगात मुरलं होतं. उभी गाडी घुरघुरताना दिसली की जवळ जो असेल त्याने इंजिन बंद करावं, असा डेपोचा नियम होता. मग तो टायर बदलणारा असो, गाडी धुणारा असो, नाहीतर विसरलेली छत्री न्यायला परत आलेला प्रवासी असो. गाडी हलवायची मात्र ड्रायव्हरनेच. नियमाला एक शेपूट होतं. शेवटच्या फेरीनंतर दिवे घालवायच्या आधी गाडीत डोकावून मोठ्याने विचारायचं, "आत कोणी आहे का?" कारण एकदा मागच्या सीटवर झोपलेला एक म्हातारा गाडीबरोबर कुलपात गेला होता, आणि सकाळी बाहेर काढल्यावर त्याने रात्रभराच्या प्रवासाबद्दल तक्रार न करता आपला स्टॉप कधी येणार एवढंच विचारलं होतं.

म्हणून राहत्या इमारतीच्या वाचनालयातला कॉम्प्युटर कुणालाच बंद करता येईना, तेव्हा मास्तरांना ती यंत्राची अडचण वाटली नाही. तत्त्वाचा प्रश्न वाटला.

वाचनालय म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. पूर्वी तिथे सायकली ठेवत. भिंतींना कपाटं, मधे लांब टेबल, दाराशी एक छोटं टेबल आणि त्यावर कॉम्प्युटर. हे सगळं मास्तरांच्या बायकोने उभं केलं होतं. तिला सगळी इमारत ताई म्हणायची, तिच्यापेक्षा वयाने मोठे होते तेसुद्धा. टेलिफोन कचेरीत यंत्रं सांभाळण्यात तिची नोकरी झाली होती, त्यामुळे कुणी टाकून दिलेलं यंत्र दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. कुठल्याशा ऑफिसने अडगळीत काढलेला हा कॉम्प्युटर तिने घरी आणला, उघडला, पुसला, त्यात लिनक्स नावाची यंत्र चालवणारी प्रणाली घातली आणि खाली नेऊन बसवला. लिनक्सच का, असं मास्तरांनी विचारलं होतं. "फुकट आहे आणि शिस्तीचं आहे," ती म्हणाली. या दोन गोष्टी एका ठिकाणी नांदू शकतात हे मास्तरांना तोवर ठाऊक नव्हतं.

शिस्त अशी, की प्रत्येक वाचकाचं वेगळं खातं. आपल्या नावाने आत जायचं, पुस्तक शोधायचं, नेल्याआणल्याची नोंद करायची आणि बाहेर पडायचं. या सगळ्यांच्या वर एक मालक असतो, त्याला रूट म्हणतात. यंत्रात काही बदलायचं असेल तर ते फक्त त्यालाच जमतं, आणि त्याचा पासवर्ड फक्त तिच्याकडे होता. संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करायचा तोही तिनेच. ती होती तोवर यात कुणाला काही खटकलं नाही. बऱ्याच गोष्टींचं तसंच असतं.

मग एका सकाळी ती हॉस्पिटलात गेली ती परत आली नाही. कॉम्प्युटर त्या सकाळी चालू होता, तो चालूच राहिला.

माणूस गेल्यावर सुरुवातीला लोक भेटायला येतात ते दबक्या आवाजात बोलतात. पुढे आवाज हळूहळू जागेवर येतात. मास्तरांच्या लक्षात आलं, की सगळ्यात आधी जागेवर आलेले आवाज कॉम्प्युटरबद्दलचे होते. त्याचा पंखा घरघरतो, वाचताना लक्ष लागत नाही. तो दिवसरात्र तापतो, एखाद दिवशी पेट घेईल आणि कागदच कागद असलेली खोली, मग बघायलाच नको. हे सगळं खरं होतं. बंद करावा तर पडद्यावर एक चौकट येई आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा, म्हणजे त्या मालकाचा, पासवर्ड मागे. तो दिल्याशिवाय चौकट हलत नसे.

पहिला सल्ला दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी दिला. त्यांचा सल्ला काय असणार हे सांगायला नको. "मुळासकट उपटा," ते वायरकडे बोट दाखवून म्हणाले. मास्तरांनी आपली खुर्ची उचलली, नेमकी प्लगच्या पुढ्यात ठेवली आणि तिच्यावर बसले. चालत्या कॉम्प्युटरची वायर उपटणं म्हणजे धावत्या बसमधून ड्रायव्हर उपटणं, असं बायको सांगायची. उदाहरण मास्तरांना कळावं म्हणून तिने बसचं दिलं होतं, आणि ते इतकं कळलं होतं की तेव्हापासून वाचनालयात त्यांची ती जागाच ठरून गेली. पुढचं बटणही कामाचं नव्हतं. टेबलाखाली गुडघा लागून ते सारखं दाबलं जायचं, म्हणून कॉम्प्युटर चालू असताना त्याने त्या बटणाचं ऐकूच नये अशी व्यवस्था तिने करून ठेवली होती. तो गुडघाही दंतवैद्यांचाच.

दुसरा सल्ला बँकसाहेबांचा. हे पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मॅनेजर. त्यांच्या मते पासवर्ड ही गोष्ट मुळात ओळखता येण्यासारखीच असते, बँकेत त्यांनी सगळ्यांचे ओळखले होते. त्यांनी ताईंची जन्मतारीख टाकून पाहिली, लग्नाची तारीख टाकून पाहिली, लेकीचं नाव टाकून पाहिलं. दंतवैद्यांनी 'पासवर्ड' हाच शब्द टाकून पाहिला. आपल्या बायकोच्या मनात काय असेल याचा अंदाज शेजाऱ्यांनी पाळीपाळीने करावा आणि आपण प्लग राखत बसावं, हे मास्तरांना मानवत नव्हतं. पण बोलणार काय? एका दुपारी खोलीत कुणी नाहीसं पाहून त्यांनी स्वतःचं नाव टाकलं. चौकट हलली नाही. आपलं नाव नव्हतं याचं वाईट वाटून घ्यावं, की नवऱ्याचं नाव पासवर्डला ठेवण्याइतकी ती भोळी नव्हती याचा अभिमान धरावा, हे त्यांना पटकन ठरवता येईना. शेवटी त्यांनी अभिमान धरला.

मग प्रकरण समितीपुढे गेलं. इमारतीची समिती म्हणजे मुख्यतः सेक्रेटरीबाई. बाई मनाने वाईट नव्हत्या, पण ठरावाशिवाय त्यांना खिडकीसुद्धा उघडवत नसे. त्यांनी सांगितलं की दुरुस्तीवाल्याला बोलवायला हरकत नाही, पण अर्जावर वाचनालय-प्रमुखांची सही पाहिजे. प्रमुख कोण? तर कागदोपत्री अजून ताईच. मग नवीन प्रमुख नेमा. नेमता येईल, पण आधीच्या प्रमुखांनी राजीनामा दिल्यावर. एवढं बोलून बाई थांबल्या. आपण काय बोललो ते त्यांनाही कळलं आणि त्या कागद चाळू लागल्या.

"बरं, तिला विचारून सांगतो," मास्तरांच्या तोंडून निघून गेलं. इतक्या वर्षांची सवय. कोणी हसलं नाही, तेच त्यांना जास्त जड गेलं.

शेवटी सहीची अट बाजूला ठेवून दुरुस्तीवाला आला. त्याने कॉम्प्युटरकडे दुरूनच पाहिलं, दाखवायला आणलेल्या आजाऱ्याकडे बघावं तसं. म्हणाला, पासवर्ड नाही तर सोपं आहे. रविवारी येतो, सगळं पुसतो आणि नवीन घालून देतो. कोरा करकरीत. यातली पुस्तकांची यादी राहील का, असं मास्तरांनी विचारलं. कोरा म्हणजे कोराच, तो म्हणाला. आधी उतरवून घेता येईल का? बघू, पण डिस्क जुनी आहे, हात लावल्यावर जगेलच असं नाही.

समितीने रविवार पक्का केला. मास्तरांना तो रविवार नको होता, आणि त्याचं कारण इतरांना पुरतं माहीत नव्हतं.

यादी म्हणजे नुसती यादी नव्हती. प्रत्येक पुस्तकापुढे तिने एक शेरा लिहिला होता. 'सुरुवातीची पानं ढकलत न्यावी, पुढे छान आहे.' 'आजारी माणसाला देऊ नये.' एका जाड कादंबरीपुढे, 'दंतवैद्यांकडून परत आल्यावर पानं मोजून घ्यावी. दुमडतात.' हा शेरा सगळ्यांनी वाचला होता, दंतवैद्यांनीही, आणि कॉम्प्युटर पुसण्याचा त्यांचा उत्साह यातूनच आलेला आहे असं बँकसाहेब जिन्यात उघड बोलत. रहस्यकथांच्या कपाटातल्या एका पुस्तकापुढे लिहिलं होतं, 'आमच्या ह्यांना देऊ नये. शेवट आधी वाचतात आणि मग मला सांगतात.' मास्तर रोज दुपारी खाली जाऊन एक कपाट वाचून काढत. पुस्तकं नव्हे, शेरे. त्यांना वाचनाची आवड लागली असं इमारतीला वाटलं, आणि मास्तरांनी ते तसंच वाटू दिलं.

लेक दूरच्या शहरात होती आणि कॉम्प्युटरचंच काम करत होती. मग तिला का नाही विचारलं? याला कारण होतं. तिला खालच्या कॉम्प्युटरबद्दल विचारलं की ती वरच्या लॅपटॉपबद्दल विचारणार, आणि तो विषय मास्तरांना नको होता.

वरचा लॅपटॉप बायकोचा. जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर तो तेव्हापासून उघडाच होता. त्या सकाळी ती त्याच्यापुढेच बसलेली असताना तिच्या छातीत दुखू लागलं. हॉस्पिटलची गाडी आली, मास्तरांनी तिच्या चपला पुढे केल्या, आणि दारातून वळून ती म्हणाली, "तो बंद करू नका हं. काम चाललंय. आल्यावर बघते." हे तिचं घरातलं शेवटचं बोलणं. मास्तरांनी तो बंद केला नाही. चार्जर काढला नाही. वीज गेली तरी तिने बसवलेली बॅटरी होती, वर एक आणि खाली एक. रोज सकाळी ते कळांवरची धूळ हलक्या फडक्याने टिपत आणि वर स्वच्छ पंचा पसरत. त्याच्यातून निघालेली एक वायर खिडकीतून खाली वाचनालयाच्या झरोक्यात गेली होती. तीही त्यांनी काढू दिली नव्हती, जरी तिच्यामुळे इमारतीची शोभा जाते असा सेक्रेटरीबाईंचा एक स्वतंत्र ठराव पडून होता. लेकीला हे कळलं असतं तर ती रागावली नसती. ती गप्प झाली असती, आणि फोनवरची गप्प लेक मास्तरांना सोसत नसे.

पण रविवार तोंडावर आला तेव्हा त्यांनी मान उचलली. डेपोत संप असतानाही त्यांनी गाड्या वेळेवर काढल्या होत्या. एक कॉम्प्युटर पुसला जातो म्हणजे काय? शनिवारी दुपारी ते खाली गेले, कॉम्प्युटरपुढे बसले आणि लेकीला फोन लावला. बातमी कशी पसरते कोण जाणे, पण लेक म्हणते काय ते ऐकायला दंतवैद्य, बँकसाहेब आणि सेक्रेटरीबाई खुर्च्या ओढून हजर होते. म्हणून मास्तरांनी फोन मोठ्या आवाजावर टाकून टेबलावर ठेवला. आपल्या बाजूला माहितगार माणूस आहे हे सगळ्यांना ऐकू गेलेलं बरं.

सगळी हकिगत ऐकून लेकीने आधी स्वच्छ विचारलं, हे मला आज सांगताय? मास्तर म्हणाले, तुला कामं असतात. ती म्हणाली, ते आपण नंतर बघू. मग तिने चौकट वाचायला सांगितली.

"ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड द्या," मास्तरांनी वाचलं.

"त्याच्या वर काय आहे?"

"वर आहे काहीतरी नेहमीचं."

"बाबा, नेहमीचं म्हणजे काय? वाचा ना."

मास्तरांनी चष्मा सारखा केला. त्यांनीच हजारदा लोकांना सांगितलं होतं, की बसची पाटी वरून वाचा. लोक खालचं 'मार्गे' वाचून चढतात आणि मग कंडक्टरशी भांडतात. इतके महिने सगळ्या इमारतीने ही चौकट खालूनच वाचली होती. वर लिहिलं होतं, की इतर कोणी अजून आत असल्यामुळे हा कॉम्प्युटर बंद करायला मालकाची परवानगी लागेल.

मास्तरांना यंत्राबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली. हे आडमुठेपणाने अडून बसलेलं नव्हतं. दिवे घालवायच्या आधी आत डोकावून विचारत होतं.

लेकीने समजावलं, की एकटाच माणूस आत असेल तर लिनक्स त्याला सुखाने बंद करू देतं, पासवर्ड मागत नाही. दुसरं कोणी आत असेल तर त्याचं काम बुडू नये म्हणून मागतं. तेव्हा आधी आत कोण आहे ते बघू. तिने एक काळी खिडकी उघडून तीन अक्षरांचा एक हुकूम टाइप करायला सांगितला. त्याचा अर्थच 'कोण' असा होता. इतका सरळ प्रश्न विचारता येतो आणि तो कुणालाच सुचला नाही, याचं मास्तरांना नवल वाटलं. खाली नावं उमटली.

एक नाव मास्तरांचंच, ते आता बसले होते म्हणून. दुसरं दंतवैद्यांचं.

सगळ्यांनी दंतवैद्यांकडे पाहिलं. दंतवैद्य म्हणाले की ते तर खुर्चीवर आहेत, आत कसे असतील? लेकीने फोनवरून विचारलं, की काका, पुस्तक नोंदवून झाल्यावर तुम्ही लॉगआउट करता का? दंतवैद्य म्हणाले, उठून जातो की. त्याने कळायला नको का? म्हणजे पिशवी ठेवून सीट अडवायची आणि स्वतः घरी जाऊन झोपायचं, बँकसाहेब म्हणाले. इतके महिने मुळासकट उपटायला निघाले होते, आणि मूळ हेच. दंतवैद्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. इतर लोक ही कसरत त्यांच्यापुढे करतात, आज त्यांनी करून दाखवली. मग चडफडत कॉम्प्युटरपुढे बसून ते आपल्या खात्यातून बाहेर पडले, आणि बाहेर पडल्याचं दोनदा जाहीर केलं.

मास्तरांनी पुन्हा बंद करून पाहिलं. चौकट पुन्हा आली.

"अजून कोण आहे?" सेक्रेटरीबाईंनी विचारलं.

मास्तरांनी तिसरं नाव मघाशीच वाचलं होतं. वाचलं होतं आणि बोलले नव्हते. आता त्यांनी घसा साफ केला.

"आमची ही आहे," ते म्हणाले.

फोनमधून बराच वेळ काही आलं नाही. मास्तरांना जे नको होतं तेच. मग लेकीने हळू आवाजात विचारलं, "बाबा, आईचा लॅपटॉप कुठे आहे?"

"टेबलावर."

"बंद आहे ना?"

"ती म्हणाली होती बंद करू नका."

इमारतीने काही विचारलं नव्हतं, पण आता सगळ्यांना एकदम कळलं. खालच्या कॉम्प्युटरमध्ये जी व्यक्ती महिनोन् महिने आत होती, ती मास्तरांच्या जेवणाच्या टेबलावरून त्या वायरने आत होती. आणि बाहेर खुर्ची टाकून राखण करत होते तेही मास्तरच. बँकसाहेब नुसतं म्हणाले, काखेत कळसा आणि गावाला वळसा. एरवी मास्तरांनी उत्तर दिलं असतं. आज त्यांनी म्हणीला मान दिला.

दंतवैद्य मात्र उठले. मग सोपं आहे, वर जाऊन लॅपटॉप मिटून टाकू. त्यावर फोनमधून असा आवाज आला की दंतवैद्य परत बसले. कोणीही काही मिटायचं नाही, लेक म्हणाली. बाबा, वर जा, मला सांगा पडद्यावर काय आहे.

मास्तर वर निघाले. मागोमाग तिघेही निघाले. सेक्रेटरीबाईंनी जिन्यात विचारलं की ही सभा धरायची का.

घरात आल्यावर मास्तरांनी पंचा उचलला. लोकांदेखत तो उचलायला त्यांना जरा संकोच वाटला. एक कळ दाबली तसा पडदा उजळला. काळी खिडकी, पांढरी अक्षरं, शेवटच्या ओळीत एक चिन्ह आणि त्यापुढे मिणमिणणारा चौकोन. चिन्ह कसं आहे, लेकीने विचारलं. फुली-गोळा खेळायला आखतात तसं, मास्तर म्हणाले.

"मग ती तिथे मालकीण म्हणूनच बसली आहे," लेक म्हणाली. "रूट. हा लॅपटॉप तुम्ही बंद केला असता ना, तर ते दार कायमचं लागलं असतं. पासवर्ड कुणालाच माहीत नाही. बरं झालं तुम्ही हात नाही लावला."

मास्तरांनी सावकाश सगळ्यांकडे बघून घेतलं. वायरीला हात लावू न देण्याच्या ज्या हट्टाला इमारत वेडेपणा म्हणत होती (तोंडावर नाही, पण जिन्यातलं बोलणं वर ऐकू येतं), तो दूरदर्शीपणा निघाला होता. तो आपल्या मनात होता की नव्हता, ही चौकशी त्यांनी पुढे ढकलली.

आता करायचं होतं ते एवढंच, की मालकिणीच्या जागेवरून एक नियम लिहून ठेवायचा. म्हणजे साध्या वाचकालाही खालचा कॉम्प्युटर बंद करता यावा, आत दुसरं कोणी विसरून राहिलं असलं तरी. आणि बंद करण्यापलीकडे दुसरं काही करता येऊ नये. दंतवैद्य पुन्हा लॉगआउट विसरणार हे गृहीतच धरलं पाहिजे, असं लेक म्हणाली, आणि दंतवैद्य सोडून सगळ्यांनी ते धरलं. लेक अक्षर अक्षर सांगू लागली आणि मास्तर एका बोटाने टाइप करू लागले. बँकसाहेबांचं म्हणणं पडलं की बंद करायला दोघांची संमती असावी, बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असत. सेक्रेटरीबाईंना नियमात कुठेतरी ठरावाचा उल्लेख हवा होता. दंतवैद्यांना एवढंच हवं होतं की नियमात आपलं नाव नसावं.

"कुणाचंच नाव नको," लेक म्हणाली. "बाबा, हा तुमच्या डेपोचाच नियम आहे. बंद कुणीही करावी, हलवायची ड्रायव्हरनेच."

हे वाक्य मोठ्या आवाजावर असलेल्या फोनमधून आलं याचं मास्तरांना फार समाधान वाटलं. ते इतकं वाटलं, की एक कंस उघडून मिटायचा राहिला आणि नियम चालेना. मग शोधाशोध झाली. कंस बँकसाहेबांना सापडला. बेरीज चुकलेली असली की मला झोप यायची नाही, ते म्हणाले, आणि त्या दिवशीचं त्यांचं हे एकच बोलणं सगळ्यांना आवडलं.

नियम बसला. लेकीने आणखी एक सांगितलं, की त्या काळ्या खिडकीत जरा वर सरकवून बघा, आई काय करत होती.

मास्तरांनी वर सरकवलं. ओळींमागून ओळी गेल्या. पुस्तकांची नावं, पुढे तिचे शेरे. ती वाचनालयाची सगळी यादी खालून या लॅपटॉपवर उतरवून घेत होती, खालचा कॉम्प्युटर जुना म्हणून. शेवटी एक छोटी ओळ होती. मास्तरांनी ती वाचून दाखवली. उतरवणं पूर्ण झालं, आणि पुढे तारीख.

"बाबा," लेक म्हणाली, "आईचं काम झालंय. त्याच दिवशी झालं होतं."

तारखेपुढे वेळही होती. त्या वेळी गाडी इमारतीच्या फाटकाबाहेर जेमतेम पडली असेल. हे आठवायला मास्तरांना घड्याळ लागत नव्हतं. काम झालं होतं, यादी घरात सुरक्षित होती, आणि ते मात्र शेवटच्या स्टॉपला पोचलेल्या, रिकाम्या झालेल्या गाडीत इंजिन चालू ठेवून बसले होते. का, तर कुणी तरी सांगितलं होतं, मी आल्यावर बघते.

तिघेही शेजारी भिंतीकडे पाहू लागले. भिंतीवर पाहण्यासारखं काही नव्हतं.

"झालं होय?" मास्तर म्हणाले. आवाज त्यांनी डेपोतला लावला. "मग चालू ठेवून चालणार नाही. चला खाली."

खाली ते कॉम्प्युटरपुढे बसले. खुर्ची आज पहिल्यांदा प्लगपासून दूर होती. दंतवैद्य म्हणाले, दाबा. मास्तरांनी हाताने थांबा म्हटलं. नियमाला शेपूट होतं, आणि ते आपणच विसरलो तर लोकांनी काय शिकावं?

"आत कोणी आहे का?" त्यांनी विचारलं. मोठ्याने, जसं विचारायचं तसंच.

मग ते थांबले. किती थांबायचं ते त्यांनाच माहीत. कुणी घाई केली नाही, दंतवैद्यांनीही नाही. मग त्यांनी बंद केलं. चौकट आली नाही. पडदा काळा झाला, पंखा मंदावला आणि थांबला. भिंतीवर घड्याळ आहे, आणि ते टिकटिक करतं, हे त्या दिवशी बऱ्याच जणांना नव्याने कळलं.

रविवारी दुरुस्तीवाला आला आणि चहा पिऊन परत गेला. जाताना त्याने कॉम्प्युटरकडे पाहिलं ते जरा नाराजीने, बरा झालेल्या आजाऱ्याकडे बघावं तसं. सेक्रेटरीबाईंनी दोन ठराव मांडले. एक, की बंद करण्याचा अधिकार सर्व वाचकांना राहील. दुसरा, की वाचनालय-प्रमुखांनी राजीनामा दिलेला नसल्यामुळे ते पद रिकामं समजू नये. दुसरा ठराव वाचताना त्यांनी वर पाहिलं नाही. तो एकमताने मंजूर झाला. वायर मात्र काढावी लागली. मास्तरांनी ती स्वतःच काढली, नीट गुंडाळली, आणि मिटलेल्या लॅपटॉपबरोबर कपाटात ठेवली. पंचा धुवायला टाकला.

त्यानंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी मास्तर बाहेरून येत होते. वाचनालयात दंतवैद्य एकटेच राहिले होते. मास्तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर होते तेव्हा त्यांना आवाज ऐकू आला. दंतवैद्य त्या रिकाम्या खोलीला विचारत होते, "आत कोणी आहे का?"

मास्तर थांबले. डेपोत नवीन माणूस हा प्रश्न विचारायला लवकर शिकतो. उत्तराची वाट बघायला मात्र त्याला वर्षं लागतात. अशी घाई त्यांनी अनेकांची पकडली होती. ते कान देऊन उभे राहिले.

दंतवैद्यांनी घाई केली नाही. पुरेसा वेळ दिला, खरं तर जरा जास्तच. मग पंखा थांबला.